माबळूच्या गावाचं उत्तर

आमच्या बैठकीच्या शेवटी दर वेळी एक प्रश्न येतो — कुणाचं काही बोलायचं राहिलंय का? चार वर्षं मी त्या प्रश्नाला मान हलवते आहे. नाही, माझं काही नाही. आणि मग सतरंजी गुंडाळायला सगळ्यात आधी उठते.

राहिलंय. ते घरी बोलले नाही, बैठकीत बोलले नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून ‘अगं, तू केलंस ते चळवळीसाठीच ना’ असं म्हणणार नाही. निदान मला ऐकू येईल असं म्हणणार नाही. ते वाक्य माझं स्वतःला पुष्कळदा म्हणून झालं आहे.

आधी मी कोण ते. रामनगरची. वडिलांचं किराणा दुकान, आजोबा खानापुराकडून आलेले. मी पत्रकं लिहिते. माझं मराठी आणि माझं कानडी, दोन्ही पत्रकं लिहूनच घडलंय — वाक्य लहान, शेवटी उद्गारचिन्ह. गुळमुळीत बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ‘बघू’, ‘कळवू’, ‘वरून आदेश आला की’ — असं कुणी म्हटलं की माझे कान गरम होतात. हे मी मिरवायची. लोक म्हणायचे, ही पोरगी तोंडावर खरं बोलते. मला ते फार आवडायचं.

आमचं काम तसं कुणाला नको असलेलं. आजाराच्या भरात ज्यांच्या हातून गुन्हा घडला, अशा माणसांचं. कोर्ट म्हणतं — याला तेव्हा कळत नव्हतं, हा दोषी नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, सुटला. कुठला सुटतोय? त्याला कुलपाआड ठेवतात, बरा होईपर्यंत. आणि बरा झाला की? तर कुणीतरी पुढं येऊन लिहून द्यायचं, की याला मी सांभाळतो, याची औषधं मी बघतो. येणार कोण? तुरुंगाला तो आजारी म्हणून नको, इस्पितळाला तो बरा झाला म्हणून नको, गावाला तो खुनी म्हणून नको. हे माझंच वाक्य आहे. ते पत्रकात ठळक टाइपात छापलं होतं.

आमची मागणी निवाऱ्याची होती. अशांसाठी जवळपास एक घर, सरकारनं चालवलेलं. कुंपण असू दे, फाटकावर माणूस असू दे — मी पहाऱ्याच्या विरोधात नाही, काहींना तो लागतोच, हे मी जाहीर सभेत शिव्या खाऊन बोलले आहे. पण खिडकी असू दे. हाताला काम असू दे. महिन्याचं इंजेक्शन चुकणार नाही असं काहीतरी असू दे. ही मागणी मी आजही करते. ती खोटी नव्हती. खोटं दुसरीकडे आहे.

माबळू नंदिगड्ड्याच्या पलीकडच्या एका वाडीचा. वाडीचं नाव लिहीत नाही. पंधरा-सोळा घरं, चहूकडे रान. त्या वर्षी भात राखायला तो शेतातल्या माळ्यावर झोपायचा, म्हणजे जागाच असायचा. बरेच दिवस त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. आपल्याला जाळायला माणसं येतायत, असं त्याला ऐकू यायचं. एक दिवस सकाळी फोंडू त्याला पेज घेऊन गेला. फोंडू शेजारचा, शाळेत त्याच्याच बाकावर बसलेला. माबळूनं कोयता घातला. आणि पोलीस येईपर्यंत फोंडूचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिला.

मी त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. जिल्ह्याबाहेरच्या एका इस्पितळात, जाळीच्या पलीकडे. बारीक माणूस. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसायचा, सगळ्यांना दिसावेत असे. डॉक्टरांच्या मते तो बरा होता. औषध चालू राहिलं आणि लक्ष ठेवणारं कुणी असलं तर घरी जाऊ शकत होता. मला तो अक्का म्हणायचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असून.

मी रामनगरला परत आले आणि पत्रक लिहिलं. मथळा — ‘एकाही गावाला नको असलेला माणूस’. हजार प्रती छापून आणल्या. गावाला विचारण्याआधी. काय विचारायचं, असंच मला वाटत होतं ना. उत्तर मला ठाऊक होतं.

मग एका सोमवारी जोयड्याला, तालुक्याच्या गावी, सरकारची समिती येणार असं ठरलं. अशा माणसांची प्रकरणं बघायची, निवाऱ्याची गरज खरंच आहे का ते ठरवायचं, आणि माबळूबद्दलही तिथंच बोलायचं. त्यासाठी गावाचं म्हणणं लेखी हवं होतं. म्हणून आदल्या शुक्रवारी मी जीप पकडून वाडीवर गेले. खरं सांगायचं तर नकार आणायला गेले. सह्यांसकट, अंगठ्यांसकट नकार.

गावकार म्हणजे त्या वाडीचा वडीलधारा, देवापुढचा पहिला मान त्याच्या घराण्याचा. देवू गावकार नाव त्याचं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पान थुंकून आला आणि म्हणाला, “उद्या सकाळी कौल लावू. देवाला विचारल्याबिगार आमी न्हाई सांगत.”

कौल म्हणजे — देवाच्या दगडाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली की हो, डावी पडली की नाही. माझा संताप झाला. एका माणसाचं आयुष्य पाकळीवर? मी तिथंच बोलले, नेहमीसारखी, तोंडावर. कायदा काय पाकळ्यांवर चालतो? पाणी वाळलं की पाकळी पडणारच, त्यात देव कुठं आला?

देवू गावकार रागावला नाही. “कायदा तुजा हाय बाय. गाव आमचं हाय.”

पडवीत एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, “आगं, तू सरकारला कागद लावतीस, आमी देवाला पाकळ्या लावतो. देव दुपारपातुर उत्तर तरी देतो. तुज्या सरकारनं कदी दिलं ते सांग.”

सगळे हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं सगळी घरं जमली. देऊळ म्हणजे चार खांब आणि कौलं. घरटी एक माणूस तरी हवाच, असा तिथला रिवाज. फोंडूची बायको पार्वती आली होती. हाताला माती तशीच, परसात मुडलीचे कंद काढत होती ते टाकून आलेली. माबळूची आई सगळ्यांच्या मागं, झाडाला टेकून, पदर तोंडात धरून. गावकारानं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं — बारा देवांची नावं घेऊन, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: तुजं लेकरू चुकलं, त्याच्या हातनं रगत सांडलं, ते परत यायचं म्हणतंय, घेऊ का नको सांग.

आणि मग काहीच झालं नाही. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं, दहा, वीस. मी — जिचा पाकळीवर विश्वास नाही ती — डोळे फाडून एका पाकळीकडे बघत होते. कोणत्या, ते विचारा. डाव्या. मला डावी पडायला हवी होती. हजार पत्रकं छापलेली होती.

उजवी पडली.

कुणी ओरडलं नाही. गावकार वळला आणि पार्वतीकडे बघून म्हणाला, “देवानं दिलं. तू देतीस का? तू न्हाई म्हणालीस तर आमी बी न्हाई.”

हे मला माहीत नव्हतं. देवाच्या होकारानंतरही तिचा होकार लागतो, हे कुठल्या पुस्तकात नाही, मी कधी लिहिलेलं नाही. पार्वती बराच वेळ हातावरची माती चोळत राहिली.

“माज्या दारावरनं जायचं न्हाई त्यानं,” ती म्हणाली. “आन् हातात कोयता घ्यायचा न्हाई. कदीच. एवढं पाळणार आसल तर येऊ दे. त्याची आई सा वर्सं झाली, मला रस्त्यात बगितली की चिखलात उतरून वाट देती. मला बगवत न्हाई ते.”

त्या वाडीत दहा वर्षांच्या पोराच्या कमरेलाही कोयता असतो. कोयत्याशिवाय तिथं सरपण नाही, वाट नाही, काही नाही. म्हणजे काय म्हणाली ती, ते कळतंय ना? त्याची लाकडं दुसऱ्यांनी तोडायची. त्यांनी ते तिथंच बसून वाटून घेतलं. या घरानं सरपण. त्या घरानं त्याला दर महिन्याला जीपनं जोयड्याला इंजेक्शनला न्यायचं, पुढच्या महिन्यात पुढच्या घरानं. ओढ्यापलीकडची पडकी खोप गावानं शाकारून द्यायची, आई त्याच्यासोबत राहील. झोप उडाली, एकटाच बोलायला लागला, तर आईनं त्याच दिवशी गावकाराला सांगायचं, लपवायचं नाही — लपवलं तर दोघांना गाव बंद. मी सभांतून जे मागत होते — देखरेख, औषध, राहायला जागा, शेजाऱ्यांची सुरक्षा — ते त्यांनी ऊन चढायच्या आत ठरवलं. पत्रकाशिवाय.

तो कागद मीच लिहिला. कानडीत, दोन बाजू भरून. प्रत्येक घराचा अंगठा किंवा सही. पार्वतीनं सही केली, शाळेत शिकवल्यासारखी गोल अक्षरात.

परतीच्या जीपमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. काय झालं ते सांगायला मला आजही शब्द जुळवावे लागतात — अपमान झाल्यासारखं झालं. मी दोन वर्षं ज्या मागणीसाठी घसा फोडला ती एका पाकळीनं पुरी केली होती. आणि त्या घोळक्यात माझी गरज लिहून घेण्यापुरती होती.

पुढं मी जे केलं त्याचं हे खरं कारण. दुसरंही एक होतं, ते मी रविवारभर मनाशी घोळवलं, आणि ते दिसायला चांगलं होतं. समितीपुढं हा कागद ठेवला तर ते म्हणतील, बघा, गावं घेतात की! मग निवारा कशाला? माबळू घरी जाईल आणि बाकीचे, ज्यांचं गाव खरोखरच नाही म्हणालंय, ते तिथंच कुजतील. शिवाय पाकळीची संमती ही काय संमती? उद्या एखादी म्हैस मेली की हेच लोक त्याला हाकलतील. बरोबर आहे ना? ऐकायला बरोबर वाटतं ना? मी ते इतक्यांदा स्वतःला ऐकवलं की सोमवारी सकाळी तो कागद पिशवीत घालताना मी ठरवलेलंही नव्हतं की काय करायचं. निदान असं मी म्हणते.

समिती प्रवासी बंगल्यात बसली होती. टेबलावर माझं पत्रक, प्रत्येकाच्या पुढ्यात एक. बाहेर फणसाखाली देवू गावकार आणि माबळूची आई. जीपनं आले होते, गावकारानं धुतलेला सदरा घातला होता. आपल्याला आत बोलावतील, असं त्यांना वाटत होतं.

मी बोलले. चांगलं बोलले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाई डोळे पुसत होत्या. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “गावाचं काय म्हणणं पडलं?”

पिशवी माझ्या मांडीवर होती. कागदाची घडी मला कापडातून हाताला लागत होती.

“गाव तयार नाही,” मी म्हणाले.

“लेखी दिलंय?”

“लेखी द्यायलाही कुणी तयार नाही.”

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं — गावचं कुणी आलंय का? त्यांना बोलवा. इथं तरी मी थांबायला हवं होतं. दार उघडं होतं, फणस दिसत होता. मी काय म्हणाले ऐका. म्हणाले, “आई आलीय साहेब. तिला आत बोलावून, गावाला तुझा मुलगा नको, हे तिच्याच तोंडून वदवून घेऊ नका. एवढी विनंती आहे.” गावकाराचं नावही घेतलं नाही. अध्यक्ष मान खाली घालून म्हणाले, बरोबर आहे तुमचं. त्या म्हातारीच्या दुःखाचा मी दाराला अडसर केला.

बाहेर आले तर दोघं उठून उभे राहिले. “दिलास न्हवं कागद?” गावकारानं विचारलं.

“दिला,” मी म्हणाले. “बघू. कळवतील.”

हे दोन शब्द माझ्या तोंडून आले.

निवारा झालेला नाही. ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं, ते अजून तसंच आहे. माबळूचा आदेश मात्र लगेच आला — स्वीकारणारं कुणी नाही, सबब आहे तिथंच ठेवावे. मी वाडीवर जाऊन सांगितलं की सरकारनं नाकारलं. देवू गावकारानं एक शिवी दिली, सरकारला. शाकारायला आणलेलं गवत ओढ्यापलीकडे रचून ठेवलं होतं.

मग मी माबळूला सांगायला गेले. जावंच लागलं, कारण इस्पितळात त्याला कागदावरचं वाचून दाखवलं असतंच, ‘स्वीकारणारं कुणी नाही’. वाटभर मी ठरवत होते की याला तरी खरं सांगेन. जाळीपाशी तो नेहमीसारखा हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मी म्हणाले, माबळू, गाव नाही म्हणालं.

त्यानं मान हलवली. “बरोबर हाय त्यांचं. मी आसतो तर मी बी न्हाईच म्हटलं आसतं.” थोड्या वेळानं म्हणाला, “पार्वतीवैनी न्हाई म्हणाली आसल. तिचा हक्क हाय.”

मी हो म्हणाले.

“देवूअण्णा बी?”

“हो.”

तो बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग आवाज अगदी खाली आणून त्यानं विचारलं, “आन् आई?”

तिचं नाव घेऊन खोटं बोलवेना, आणि खरं बोलायचं तर मागचं सगळं उलगडावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या गप्प राहण्याचा जो अर्थ निघतो तो घेतला. मी बघत होते तो घेताना. थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी मी वाडीवर परत गेले. पुन्हा एकदा कागद करू या, म्हणाले. म्हटलं, या वेळी मी तो नक्की टेबलावर ठेवीन — हे अर्थात मनात. गावकारानं ऐकून घेतलं नाही. “एकदा इचारलेलं दुसऱ्यांदा इचारत न्हाईत. देवानं एकदा दिलं. तुमच्या सरकारनं घेतलं न्हाई. आता परत हात पसरला तर ते देवाला खोटं पाडल्यासारखं हुतंय.” तिथला नियमच तो. कौल एका गोष्टीला एकदाच. मी पाकळीला हसत होते तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. आता गावकाराला परत कौल लावायला लावायचं तर एकच वाट होती — सरकारला कधी विचारलंच नव्हतं, हे सांगणं. पडवीत तीच म्हातारी सुपारी कातरत होती. मी चहा घेतला आणि जीपसाठी निघाले.

त्याच वर्षी तपासणीला डॉक्टरांनी माबळूला विचारलं, घरी जायचंय का. तो म्हणाला, नको. आता त्याच्या कागदावर तसंच आहे — रुग्णाची इच्छा नाही. दर वर्षी तेच वाक्य उतरवून घेतात. त्यात कुणाची चूक नाही, तो खरंच तसं म्हणतो.

गावाचा कागद माझ्याकडे आहे. फाडला नाही, जाळला नाही. पत्रकं अजून लिहिते. ‘एकाही गावाला नको असलेला माणूस’ हे आम्ही दोनदा परत छापलं.

माबळूची आई जोयड्याच्या बाजाराला येते, मी दिसले की भाजी तशीच टाकून माझ्याकडे येते. इस्पितळापर्यंतचा प्रवास तिला झेपत नाही, म्हणून ती मलाच विचारते. कसा हाय, जेवतो का, अंगावर मांस आलंय का. आणि दर वेळी शेवटी, माझा हात धरून — माजी आठवण काडतो का गं?

त्या दिवसापासून त्यानं तिचं नाव घेतलेलं नाही.

काढतो, म्हणते मी.